बुडबुडा

उम्म अल कुवैनच्या धक्क्यावर पहाटे पावणेचारला
खमीस इंजिन गरम करतो, मी बाटल्या मोजते:
साडेचार लिटरच्या बारा.
त्यांतल्या तीन कोऱ्या, त्यांत वायू जायचा नाही.
एकीच्या झाकणावर मागच्या खेपेचं मीठ.

उजाडलं की दिसतो तो,
पाण्यावर गंजाचा लांब पट्टा,
कुणी रंधा मारून भुसा सांडून गेल्यासारखा.
जहाजांवरून फोन येतात: तेल सांडलंय.
खमीस म्हणतो, दर्याचं सुतारकाम चाललंय.
त्याची हिंदी दुबईच्या बाजारातली, माझी शाळेतली.
तेवढ्यावर आठ वर्षं निघाली.

आत्याला एकदा फोनवर सांगितलं होतं,
हवेतला पाऊण हिस्सा, वर थोडा, नुसता नत्र.
श्वासागणिक आत जातो, तसाच बाहेर येतो,
कुणाच्या कामाचा नाही.
"म्हणजे आमच्या सरपंचासारखो," ती म्हणाली.
मग कुळथावर आले.
भात कापल्यावर उरल्या ओलीवर आपण कुळीथ टाकतो,
त्याच्या मुळांना गाठी असतात,
पुढच्या भाताला ते लागू पडतं.
हे सगळं तिला ठाऊक होतं,
फक्त नाव ठाऊक नव्हतं.

तर हा भुसा म्हणजे खाऱ्या पाण्यातला कुळीथ.
नत्राच्या दोन अणूंमधली तिहेरी गाठ,
जी सोडवायला कारखान्यांना
भट्ट्या लागतात, दाब लागतो,
केसाहून बारीक हा धागा
नुसत्या उन्हात सोडवत बसतो.

किती सोडवतो, एवढंच मला विचारायचं असतं.

एका न्यूट्रॉननं जड असलेला नत्र
सिलिंडरमधून सुईत, सुईतून रबरी बुचात.
खूण केलेली नाणी सकाळी बाजारात सोडावी,
दुसऱ्या दिवशी कुणाच्या गल्ल्यात किती निघाली ते बघावं,
तसं.
बाटली पन्नास वेळा उलटसुलट करायची, हळू,
धागे तुटता कामा नयेत.
खमीस जपमाळेवर मोजतो.
तेहतिसाला मणी संपतात,
उरलेले सतरा मी.

मग निळ्या जाळीखाली टाकीत चोवीस तास.
ऑगस्टात पाणीच चौतीस अंश,
हात घातला तर गारवा नाही, नुसती ओल.
दुसऱ्या पहाटे गाळायचं
भट्टीत भाजून घेतलेल्या काचेच्या कागदावर.
उरतो नखाएवढा तपकिरी डाग.
तो वाळवून कथलाच्या वर्खात
अंगाऱ्याच्या पुडीसारखा बांधायचा
आणि यंत्राकडे पाठवायचा.
आकडा यायला सहा आठवडे.

आकडे लहान यायचे.
आम्ही म्हणायचो, आखात गरीब आहे.

मग कळलं, दूरच्या कुणीतरी
नीट बघितलं म्हणून कळलं:
सुईतून सोडलेला बुडबुडा लगेच विरघळत नाही.
तासन् तास बुचाखाली बसून राहतो,
गोल, चकचकीत, अख्खा.
आम्ही वहीत लिहीत होतो, एवढं दिलं.
पाण्याला ते पोचलंच नव्हतं.
न दिलेल्यानं भागत होतो घेतलेलं,
आणि उत्तराला गरीब म्हणत होतो.

आता वायू आधी पाण्यात मुरवतो,
मग ते पाणी बाटलीत.
जुन्या वह्या टाकल्या नाहीत.
"मोजण्याइतकं नाही" लिहिलेल्या प्रत्येक रकान्यापुढे
पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह काढत गेले.
तीन रात्री लागल्या, दोन पेन्सिली.

आज परतताना, तिवरं दिसायला लागल्यावर,
खमीसनं इंजिन मंद केलं.
त्याचा आजा मोत्यांच्या होड्यांवर होता, म्हणाला.
बुडी मारणारा नव्हे,
दोरी धरणारा.
खालच्या माणसाचा श्वास वर बसून मोजायचा
आणि वेळेवर खेचायचा.
एकदा मोजणी चुकली.
त्यानंतर घरात कुणी त्याच्यासमोर
मोठ्यानं आकडे म्हणत नसे,
खजूर विकतानासुद्धा.

मी विचारलं, इतक्या वर्षांत हे सांगितलं का नाहीस?

सांगितलं होतं, म्हणाला.
पहिल्याच वर्षी, इथंच.
तू बाटल्या मोजत होतीस.